गव्हर्नर

इंजिन मिळालं ते पगाराऐवजी.
कंत्राटदार अर्धा स्लॅब टाकून बेळगावला पळाला,
मागे राहिला काँक्रीटचा मिक्सर
आणि मिक्सरच्या कुशीत हे,
साडेसहा घोड्यांचं,
सिमेंटने डोळे चिकटलेलं.

पपाने ते खांद्यावर घालून पिळगावात आणलं,
वाटेत दोनदा बांधावर टेकवलं.
आई म्हणाली, तीन महिन्यांचे पैसे ते हेच?
शिजायला किती वेळ घेईल?

खाणीवर असताना पपा डंपरची इंजिनं उतरवायचा.
चाकाआड उभा राहिला तर
त्याचं हेल्मेटसुद्धा दिसत नसे.
खाण बंद झाली, मग त्याच हातांत
शिलाईयंत्रं आली, टेबलफॅन,
एकदा कपेलातलं घड्याळ.
म्हणाला, "डंपरपुढे हे म्हणजे लेकरू."
आजोबांच्या सायकलपुढे मात्र
ते दारात हत्ती आल्यासारखं उभं.

मधल्या त्रिकोणात बसेना.
पपाने पट्टी लावली, मग पेन्सिल, मग शिवी.
नळी कापली, वीतभर वाकवली, पुन्हा जोडली;
तेव्हा कुठे इंजिन आत गेलं,
तर त्याचा शाफ्ट थेट पायडलच्या वाटेत.
मग क्रँक भात्यावर लाल करून बाहेर वळवले.
आता बसणाऱ्याने पाय मारायचे
म्हशीवर बसल्यासारखे, मांड्या फाकून.

टॉर्च मी धरायची.
"थंय न्हय, हांगा."
हांगा म्हणजे कुठे, ते तो दाखवणार कसा,
दोन्ही हात कोपरापर्यंत आत.
मी त्याच्या श्वासावरून शिकले:
श्वास थांबला की नट आट्यात बसतोय,
सुटला की वॉशर खाली पडलाय
आणि तो मीच शोधायचा.

चेन लुनाची. पुली भाताच्या गिरणीची.
मागच्या चाकाला तव्याएवढं दातेरी चक्र,
आऱ्यांना बोल्ट मारून.
आणि ब्रेक?
ब्रेक तेच, आजोबांचे, सळीचे,
पावसात तर नुसते विनंती करणारे.

इनास बघायला आला, जांभा दगडावर बसला,
काजूच्या दिवसांतला वास अंगावर.
म्हणाला, "गुणो, तो गव्हर्नर काढून टाक.
तोच इंजिनाला धावू देत नाही."
पपाने चिंधीने बोटं पुसली.
"आमचा गव्हर्नर एकसष्टात गेला, इनास.
हा तरी राहू दे."
आणि स्प्रिंगला तेलाचा एक थेंब दिला.

पहिल्या दोरीला खोकलं.
सातव्या दोरीला शेजारच्या कोंबड्या वईपलीकडे,
आईच्या फळीवरचे पेले आपोआप वाजू लागले,
आणि पपा निघाला,
टोंकच्या कुळागरात पंप दुरुस्त करायला,
पान्यांची पिशवी हँडलला,
पाय दोन्ही बाजूंना, उतरायला निघालेल्या बगळ्यासारखे.

सारमानसच्या धक्क्यापर्यंत मी मागून धावले.
फेरीवरच्या बुधो गावसने वही उघडली,
पेन कानावरून काढलं.
"गुणो, ही सायकल काय गाडी?"
पपाने इंजिन बंद केलं.
नदीवर एकही बार्ज नव्हती.
ज्या धक्क्यावर लाल खनिजाचे डोंगर असायचे
तिथे कुणीतरी सुंगटं वाळत घातली होती.
"पळोवया," तो म्हणाला.
बुधोने ओळ कोरी सोडली.

रात्री नऊ झाले. दहा.
मग चढणीवर अंधारात
कसलाच आवाज नाही,
फक्त कुणीतरी धापा टाकतंय.
पपा आला. शर्ट पाठीला चिकटलेला,
खिशातून लुनाची चेन लोंबत होती, तुटलेली.
इंजिन अजून कोमट होतं.

"गेली?" आईने विचारलं.
"गेली."
"आली कशी?"
"जाताना गाडी होती," पपा म्हणाला,
"येताना सायकल."
जेवायचं ताट तिने पुढे सारलं.
त्याने आधी माझ्याकडे बघितलं.
टॉर्च आण.